झटपट हात

दातांचे म्हातारे डॉक्टर एका गोष्टीची ऐट आयुष्यभर मिरवत आले: त्यांचा हात झटपट. पोरगं तोंड उघडतंय न उघडतंय तोच मनगटं दाबायची आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत भुलीची सुई आत, औषध आत, काम फत्ते! पोरं किंचाळायचीच. पण दुखणं जितकं लवकर संपेल तितकं बरं, अशी त्यांची दया होती. गल्लीतली पोरं त्यांना पाहून रस्ता बदलत. ते हसून म्हणत, "औषध गोड कुठे असतं?"

ते थकल्यावर दवाखाना सुनेनं सांभाळायला घेतला. खुर्ची तीच, खिडकी तीच, पण किंकाळ्या बंद. आधी त्यांना वाटलं, सून पोरांना गोडीगुलाबीनं भुलवते. मग एकदा ती सहज बोलून गेली, "बाबा, दुखतं ते सुईनं कमी, घाईनं जास्त. गार औषध भसकन आत गेलं की हिरडी तडकल्यासारखी होते." टोमणा नव्हता तो. पण तेव्हापासून म्हातारबुवांच्या झोपेचं खोबरं झालं. दुपारी बाहेरच्या बाकावर डोळा लागला की बंद दारापलीकडून पोरं ओरडत. उठून बघावं, तर आत चिटपाखरू नसे. ती त्यांच्या वेळची पोरं होती. एव्हाना स्वतः आईबाप झालेली, पण ओरडत अजून सहा-सात वर्षांच्या आवाजात.

आज नातीची पाळी होती. दाढ पार किडलेली. "आजोबांनीच माझा हात धरायचा," असं तिनं सकाळपासून टुमणं लावलं होतं, म्हणून ते खुर्चीशेजारी तिचा हात धरून बसले.

सुनेनं हिरडी पुसून कोरडी केली, बधिर करणारा मलम लावला आणि नुसती थांबली. औषधाची नळी मुठीत धरून तिला ऊब देत राहिली. म्हाताऱ्यांचा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात त्यांच्या मनात एक विचार आला आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली: पोरगी रडावी. थोडीशीच. ही रडली, तर दुखणं अटळच होतं म्हणायचं. नाही रडली, तर ती सगळी पोरं उगाच रडली.

"थोडं टोचेल हं, खोटं नाही सांगत," सून म्हणाली. बोटांनी गाल हलवत तिनं सुई टेकवली आणि थेंब थेंब औषध सोडू लागली. नातीच्या पापण्या फडफडल्या. म्हाताऱ्यांच्या कानांत सगळी पोरं एकदम ओरडली.

सुई बाहेर आली. पोरीचे डोळे कोरडे होते.

"दुखलं का गं, सोने?" सुनेनं विचारलं.

"तोंडात नाही," ती म्हणाली आणि मान वळवून आजोबांकडे बघू लागली. "आजोबा, सोडा ना. हात दुखतोय."

त्यांनी खाली पाहिलं. तिचं मनगट त्यांनी खुर्चीच्या दांडीवर गच्च दाबून धरलं होतं.