बोराटीखालचा वर्ग

आमच्या शाळेच्या दोन खोल्यांपैकी एकीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. त्या भेगेत एक सरडा राहायचा. दुरुस्तीसाठी मुख्याध्यापकांनी वर पत्रं पाठवली, फोटो पाठवले, पण कुणी फिरकलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मुलांचा जीव धोक्यात घातल्याचा ठपका माझ्यावर आला, तेव्हा त्या भेगेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

शाळा सोलापूर जिल्ह्यातल्या एका लहान खेड्यातली, जिल्हा परिषदेची. शिक्षक दोघंच, मुख्याध्यापक सर आणि मी. माझ्याकडे तिसरी-चौथी. मी सोलापूर शहरात वाढलेली, वडील कारकून, आई शिक्षिका. झाड म्हणजे गॅलरीतली तुळस, एवढंच माझं ज्ञान. त्या फेब्रुवारीत छपराचा पत्रा असा तापला की सकाळी अकरालाच मुलं पेंगायला लागली. एका मुलाच्या नाकातून रक्त आलं. दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं, "ओढ्याकाठी घेऊन बसू का ह्यांना?"

सर निवृत्तीला आलेले, कागदाला फार भिणारे. ते म्हणाले, "बसा. पण हजेरी आधी घ्या."

ओढा शाळेपासून दहा मिनिटांवर. काठाला हिवर, बाभळी, करंज, मधेच दोन मोठे कडुलिंब आणि पलीकडे बोराटीची दाट जाळी. उन्हाळ्यात पाणी नसतं, पण सावली असते. पहिल्या दिवशी मी मुलांना लिंबाखाली बसवलं, पाढे म्हणायला लावले आणि बोरं दिसली म्हणून स्वतःच उठून जाळीत हात घातला.

"बाई, तितं हात घालू नगा! गांधीलमाशीचं घर हाय!"

मी हात मागे घेतला आणि वळून बघितलं. ओरडली होती तिसरीतली एक मुलगी. वर्गात ती कायम भिंतीला टेकून बसायची. नाव विचारलं तरी पायाच्या अंगठ्याकडे बघायची. सात-आठ महिन्यांत मी तिचा आवाज नीट ऐकलेला नव्हता. घरी शेरडं होती, बाप दुसऱ्याच्या रानात कामाला जायचा. आमच्या नोंदीत तिच्या नावापुढे एक शब्द होता: अप्रगत. आठ वर्षांच्या पोरीबद्दल असा शब्द लिहायचा, तोही मीच माझ्या हातानं लिहिलेला.

त्या दिवशी त्या अप्रगत पोरीनं मला तासभर शिकवलं. डिंक कोणत्या बाभळीला येतो, होल्याचं घरटं इतकं विस्कटलेलं का असतं, मुंगसाचं बीळ कोणतं आणि घोरपडीचं कोणतं. वाळूत भोवऱ्यासारखे खड्डे होते. त्यात दडून बसलेला किडा काडीनं कसा बाहेर काढायचा, तेही तिनं दाखवलं. चौथीतली हुशार मुलं तिच्यामागे रांग लावून चालत होती.

मग आम्ही रोजच जायला लागलो. सकाळी हजेरी, प्रार्थना, आणि ओढा. दोरीनं खोडांचे घेर मोजले. सावली दर तासाला किती सरकते ते काठीनं मोजलं. बोरांचे दहा-दहाचे ढीग केले की हातचा म्हणजे काय हे न सांगता कळायचं. प्रत्येकानं एक झाड घ्यायचं आणि खापरावर कोळशानं त्याचं नाव लिहून बुंध्याशी ठेवायचं. त्या मुलीनं बोर घेतलं. तिला अजून काना-मात्रा येत नव्हत्या. मी तिच्या खापरावर 'बोर' लिहून दिलं आणि दुसरीकडे गेले. थोड्या वेळानं ती एक फांदी घेऊन आली.

"बाई, बगा की. बोराला दोन-दोन काटं असत्यात. एक सरळ, एक वाकडा. सरळ हाय त्यो काना, अन् वाकडा हाय ती मात्रा."

मी ती फांदी हातात घेऊन बघतच राहिले. इतकी वर्षं बोरं खाल्ली, ओढ्यावर आल्यापासून काटे टोचून घेतले, आणि त्यांची जोडी सारखी नसते हे मला कधी दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून तिच्या वाचनाची गाठ सुटली. पुढचा जून उजाडला, ती चौथीत गेली, पाऊस आला, ओढा वाहिला आणि ओसरला. दिवाळीपर्यंत ती गोष्टीचं पुस्तक अडखळत का होईना, पण शेवटापर्यंत वाचत होती. झाडाखाली, मोठ्यानं.

आणि मग साहेब आले.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा आठवडा होता. सरांचा फोन आला, "बाई, मुलांना घेऊन लगेच या. तपासणी आलीय." आम्ही पळतच आलो. तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी साहेब माझ्या रिकाम्या वर्गात माझ्या खुर्चीवर बसले होते, बरोबर त्या भेगेकडे पाठ करून. मुलांच्या पायांना माती, दोघांच्या खिशात बोरं, एकाच्या हातात सुगरणीचं पडलेलं घरटं.

"ही शाळा आहे का गुराख्यांचा तळ?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला लागले. आम्ही काय मोजतो, काय लिहितो. खापरं, वह्या, सावलीचे तक्ते. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि नोंदवही उघडली. बोट खाली खाली नेलं आणि मी अजून न खोडलेल्या त्या 'अप्रगत' शब्दावर येऊन थांबलं. त्यांनी त्या मुलीला उभं केलं.

"फळ्यावरचं वाच."

फळ्यावर सकाळचा सुविचार होता, सहा शब्दांचा. ती उभी राहिली. मान खाली गेली. अंगठा फरशीवर फिरायला लागला. वर पत्रा कडकड वाजला. तिनं माझ्याकडे एकदाच बघितलं.

"साहेब, ती वाचते," मी म्हणाले. "खरंच वाचते. दहा मिनिटं ओढ्यापर्यंत चला. तिथं तिचं ऐका आणि मग काय लिहायचं ते लिहा."

त्यांनी आपल्या बुटांकडे बघितलं. हे मी आयुष्यात विसरणार नाही. माणूस आधी बुटांकडे बघतो आणि मग म्हणतो, "मॅडम, उद्या वार्षिक परीक्षाही झाडाखाली घ्यायची का?" सर बिचारे हसले. हसावंच लागलं त्यांना. साहेबांनी शेरा लिहिला, चहा घेतला आणि गाडीत बसून गेले.

पंधरा दिवसांनी कारणे दाखवा नोटीस आली. विद्यार्थ्यांना विनापरवानगी शाळेबाहेर नेऊन त्यांच्या सुरक्षिततेस धोका निर्माण केल्याबद्दल आपणाविरुद्ध कारवाई का करू नये. मी ती उभ्यानं वाचली. ज्या खोलीत मुलांच्या डोक्यावर कधी काय पडेल सांगता येत नव्हतं, ती खोली ह्यांच्या हिशेबी सुरक्षित, आणि लिंबाची सावली धोक्याची!

तेवढ्यावर भागलं नाही. नोटिशीची बातमी गावात पसरली आणि पालकसभेत त्या मुलीचा बापच उठून उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"बाई, राग मानू नगा. मी हिच्याएवढा व्हतो तवापासनं त्याच वड्याला शेरडं राखली. माजी समदी उमर रानात गेली. हिला सावलीत, खुर्चीवर बसायला मिळावं म्हनून साळंत घातली की. अन् तुमी हिला पुन्ना रानातच न्ह्यायला लागला."

मी एवढंच म्हणाले, "ती वाचायला लागलीय, दादा." तो म्हणाला, "मंग साळंतच वाचू द्या की." लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पत्र्याखाली बसायला लागलो. ती मुलगी पुन्हा भिंतीला टेकली.

डिसेंबरच्या शेवटी मी सोलापूरला भावाकडे गेले. त्याची मुलगी शहरातल्या एका खाजगी शाळेत आहे. शाळेनं शहराबाहेर एका आमराईत लहान मुलांसाठी रानातला वर्ग सुरू केला होता आणि त्या रविवारी त्याचं उद्घाटन होतं. भाऊ म्हणाला, "ताई, चल. तुझ्याच आवडीचं आहे."

गेले. कापडी मंडप, पायवाटेला चुन्याच्या रेघा, मुलांच्या पायांत एकाच रंगाचे गमबूट, प्रत्येकाच्या गळ्यात भिंग. त्या मुलांवर माझा राग नव्हता. माझी भाची गांडूळ बघून आनंदानं किंचाळली, तेव्हा मीही हसले. पण मग प्रमुख पाहुण्यांचं नाव पुकारलं आणि मंडपातून तेच साहेब पुढे आले. मधल्या काळात त्यांची बदली शहरात झाली होती.

त्यांनी माइक हातात घेतला. "मूल चार भिंतींत कोमेजतं," ते म्हणाले. "निसर्गासारखा गुरू नाही. मातीत हात घातल्याशिवाय शिक्षण पूर्ण होत नाही." टाळ्या पडल्या. त्यांच्या बुटांना तेव्हाही माती नव्हती, खाली सतरंजी अंथरलेली होती.

शेवटी सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी विचारलं, कुणाला काही प्रश्न? माझा हात वर गेला. भावानं माझ्याकडे चमकून बघितलं.

"साहेब, मला ओळखलंत?"

त्यांनी ओळखलं. चेहऱ्यावरून कळलं.

"ह्याच कारणासाठी तुम्ही मला नोटीस दिलीत. आमच्या मुलांना ओढ्याकाठी नेलं म्हणून. आज तुम्ही जे बोललात ते त्या मुलांना का लागू होत नाही?"

मंडपात कुजबुज झाली. साहेब मंद हसले. "मॅडम, हा विषय इथला नाही. इथे प्रशिक्षित मार्गदर्शक आहेत, कुंपण आहे, पालकांची संमती आहे. तुमची परिस्थिती वेगळी."

"परिस्थिती वेगळी नाही, साहेब. मुलं वेगळी आहेत. ही मुलं झाडाखाली बसली की तो प्रयोग होतो. आमची बसली की तुम्हाला गुराखी दिसतात."

भावानं माझा दंड धरला. "ताई, बस आता," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पोरीला ह्याच शाळेत राहायचंय." मी बसले. तो त्याच्या जागी चुकलेला नव्हता, म्हणून आणखीच चिडचिड झाली.

पण साहेबांचं एक वाक्य मी उचललं: पालकांची संमती. गावी परतल्यावर मी नोटिशीला उत्तर लिहायला बसले. चार पानं झाली. सोबत मुलांच्या वह्यांतली पानं जोडली, सावलीचे तक्ते जोडले आणि भिंतीच्या भेगेचा फोटो जोडला. मग संमतीपत्र घेऊन घरोघर फिरले. आया लवकर तयार झाल्या. "पोरगं घरी येऊन बोलतंय तरी," एक म्हणाली. त्या मुलीच्या बापानं मात्र अंगठा द्यायला नकार दिला. भांडला नाही, नुसती मान हलवली.

ते पत्र मुख्याध्यापकांच्या सहीशिवाय जाणार नव्हतं. सरांनी चष्मा लावून चारही पानं वाचली. मला वाटलं, टाळतील. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. त्यांनी पेन उघडलं, सही केली आणि खाली आपल्या हातानं एक ओळ वाढवली: "सदर उपक्रम माझ्या संमतीने झाला असून जबाबदारी माझीही आहे." मी काही बोलणार तोच म्हणाले, "त्या दिवशी मी हसलो, बाई. ते मला फार लागून राहिलंय."

नवीन अधिकाऱ्यांकडून उत्तर यायला मार्च उजाडला. कारवाई रद्द. पालकांची संमती असलेल्या विद्यार्थ्यांना फक्त शनिवारी नजीकच्या परिसरात नेण्यास हरकत नाही; तथापि अध्यापनाचे तास बुडणार नाहीत याची दक्षता घ्यावी. त्या 'तथापि'नं माझं डोकं पुन्हा फिरलं. पण शनिवार तर शनिवार.

पहिल्या शनिवारी आम्ही ओढ्यावर पोचलो, तर तो बाप आधीच तिथं होता. हातात कोयता. वाटेवर आलेल्या बोराटीच्या फांद्या तोडून बाजूला लावत होता. मुलीला त्यानं आमच्या मागून पाठवलं होतं. मला बघून म्हणाला, "पोरास्नी काटं लागत्यात."

मुलं लिहायला बसली. विषय होता घरचं जनावर. तो काम संपवून लांब खोडाला टेकून बसला. तिची पाळी आली, ती वही घेऊन उभी राहिली आणि बापाकडे न बघता वाचायला लागली.

"आमच्याकडे सहा शेळ्या आहेत. शेळी बाभळीच्या शेंगा खाते. शेळी बोराटीचा पाला खाते. शेळी बोरं खात नाही."

"खाती की," तिकडून आवाज आला. "बोरं बी खाती. रातच्याला रवंथ करताना बिया भाईर टाकती. सकाळच्याला गोठ्यात बग."

ती थांबली. खाली बसली, 'खात नाही' खोडलं, वर 'खाते' लिहिलं आणि पुन्हा उठून ते वाक्य वाचलं. बापानं कान देऊन ऐकलं. मग जवळ येऊन वहीवर वाकला आणि विचारलं, "ह्यातलं 'शेळी' कुटं हाय?" तिनं बोट ठेवलं. त्यानं त्या शब्दावरून आपलं जाड बोट दोनदा फिरवलं.

संमतीपत्रावर त्यानं त्याच दिवशी अंगठा दिला.

ती आता पाचवीत, शेजारच्या गावी जाते. सर निवृत्त झाले. भेग सिमेंटनं लिंपली, पत्रा तसाच आहे. मी आठवड्याचे सगळे दिवस मागणारं पत्र दर महिन्याला पाठवते. उत्तर येत नाही. आणि दर सोमवारी मुलं तापल्या पत्र्याखाली घामानं निथळत बसली की माझं रक्त पहिल्या दिवसाइतकंच उसळतं. मी आता निवळले असेन असं भावाला वाटतं. मुळीच नाही.