ताईची खात्री

माझ्या थोरल्या बहिणीचं तारण झालं होतं आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. गॅस आला, दूध आलं, हे ती ज्या सुरात सांगायची त्याच सुरात "माझं तारण झालंय, येशूने वाचवलंय मला" म्हणायची. मला त्या सुराचा राग यायचा. मी मुलुंडच्या फुटपाथवर जुन्या कड्या आणि बिजागऱ्या विकत सुरुवात केली. आज घाटकोपरला माझं जुन्या दारं-खिडक्यांचं गोदाम आहे. कुणी मला काही फुकट दिलं नाही. माल टेम्पोत चढेपर्यंत सौदा झाला असं मी म्हणत नाही, आणि ही बाई तर मेल्यानंतरचा सौदा झालाय म्हणून निवांत.

"तुला कुणी लिहून दिलंय का गं?" मी चिडवायचो.

"दिलंय की," म्हणून ती बायबलवर हात ठेवायची आणि परत मेथी निवडायला लागायची.

आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. प्रसूतिगृहात आयाचं काम करायची आणि रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवायची. लग्न केलं नाही. माझी बायको गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

मग ती विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग नळ, मग शेजारणीचं नाव. डॉक्टरांनी आजार सांगितला तेव्हा ती हसली. म्हणाली, "बरंय, तुझी बोलणी तरी लक्षात राहणार नाहीत." पण एका सकाळी न्याहारीच्या आधी ती प्रभूची प्रार्थना म्हणायला लागली आणि मध्येच थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. पुढची ओळ मी म्हटली. तिनेच माझ्याकडून ती पाठ करून घेतली होती, फूटपट्टी घेऊन.

ती माझ्याकडे बघत राहिली. "आज हे विसरले. उद्या प्रभूलाच विसरेन. मग माझं काय रे?"

त्यानंतर रोज तेच. जेवताना घास हातात धरून तेच. "मी त्याला विसरले तर तो मला घेईल का?" मी ओरडलो, समजावलं, पुन्हा ओरडलो. तिची ती गॅसवाली खात्री मला कधी सहन झाली नव्हती. आता ती खात्री गेली, तर घर खायला उठलं.

शेवटी, ताईने अंथरूण धरल्यावर, आमच्या चर्चच्या पाळकांना फोन करावा लागला. त्यांच्याशी मी तीन वर्षं बोललो नव्हतो. चर्च नव्याने बांधलं तेव्हा मी दोन सागवानी दारं दिली होती. एका पाडलेल्या बंगल्यातली, आजकाल बघायलाही मिळणार नाहीत अशी. कमिटीने त्यांना पांढरा ऑइल पेंट फासला. सागाला! वर उद्घाटनाच्या दिवशी आभार मानले ते पंखे देणाऱ्याचे. तेव्हापासून मी चर्चची पायरी चढलेलो नाही. ताईला फाटकापर्यंत सोडायचो आणि बाहेर स्कूटरवर बसून राहायचो.

"दादा, किती दिवसांनी!" पाळक म्हणाले.

"कामापुरतं बोलतोय. ताईला प्रभुभोजन घरी द्यायचंय. याल का?"

ते त्याच संध्याकाळी भाकर आणि द्राक्षरसाची छोटी पेटी घेऊन आले. ताईजवळ बसून म्हणाले, "ताई, घाबरू नका. फक्त विश्वास धरून ठेवा."

"तेच तर हातातून सुटतंय," ती म्हणाली आणि रडायला लागली.

माझं टाळकं सटकलं. "तिला काय धरायला सांगताय हो? तिला चमचा धरवत नाही! सगळं तिनेच धरायचं, तर तो वर कशाला बसलाय? आमच्या धंद्यातसुद्धा असं नसतं."

"कसं असतं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"बिल्डिंग पाडायला काढली की आम्ही आत जाऊन दारं बघतो. पैसे मोजतो, दारावर खडूने खूण करतो. मग ते दार महिनोन्‌महिने तिथेच असतं. वरची माणसं जागा सोडत नाहीत, धूळ बसते, पोरं लाथा मारतात. पण त्याला दुसरा व्यापारी हात लावत नाही. घेतलेलं म्हणजे घेतलेलं."

"आणि घेणारा विसरला तर?"

"पैसे मोजलेत साहेब! कोण विसरतो?"

ताईने रडणं थांबवलं होतं. "दाराला माहीत असतं का रे, आपल्याला कुणी घेतलंय ते?"

"दाराला काय माहीत असणार? लाकूड ते."

"मग ते काय करतं?"

"काय करणार? उभं असतं."

ती हसली. चांगली मोकळी, पूर्वीसारखी. "मला उभं तरी कुठे राहता येतंय?" म्हणाली, आणि पाळकांपुढे हात पसरला. त्यांनी प्रार्थना केली. तिला शब्द आले नाहीत, पण या वेळी ती अडली नाही. नुसती मान हलवत ऐकत राहिली आणि भाकर घेतली.

पाळकांनी ताटली माझ्यापुढे धरली. मनात अढी असताना घेऊ नये, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. माझ्या मनात दोन पांढरी दारं उभी होती. मी हात मागे घेतला.

"त्याला द्या," ताई म्हणाली. "तो पण प्रभूचाच आहे." दूध आलं म्हणावं तसं.

मी घेतली. अढी गेली नव्हती, खोटं कशाला सांगू? तिच्या शब्दावर घेतली.

पाळक गेले. उद्या ती हेच पुन्हा विचारेल, मला ठाऊक होतं. मी पुन्हा सांगेन. मला बोलायचा कंटाळा नाही.

"कोण होता रे तो?" तिने विचारलं. "भला माणूस वाटला."

"आपले पाळक, ताई."

"आणि तू त्याला चहा न पाजता घालवलंस?"

मी खिडकीत गेलो. ते पेटी काखेत धरून रिक्षाला हात करत होते.

"ओ पाळकसाहेब!" मी ओरडलो. "वर या! चहा राहिला!"