शेठजींशी भांडायचे रविवार

उभ्या जन्मात कुणालाही ‘नाही’ न म्हटलेला माणूस मी एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की मला ज्या परीक्षेत ‘नाही’ म्हणता येणं अत्यंत गरजेचं होतं, त्या परीक्षेत माझा जोडीदार म्हणून नेमका तोच माणूस बसणार होता. आमच्या जर्मनच्या क्लासमधले शेठजी. वय साठीच्या आसपास, जळगावात कापडाचं दुकान, पांढराशुभ्र शर्ट, खिशात दोन पेनं आणि पिशवीत कायम खाकऱ्याचा डबा. हा डबा ते चाचणी चालू असतानाही बाकावरून पुढे सरकवत. मॅडमनी एकदा रागावून डबा बंद करायला सांगितला, तेव्हा शेठजी लगेच म्हणाले, “करतो ना, मॅडम. आधी तुम्ही एक घ्या, मग करतो.” मॅडमनी घेतला. डबा बंद झाला नाही.

दुकानातही त्यांचं असंच. कापडाच्या दुकानात येऊन कुणी छत्री मागितली तरी शेठजी छत्री नाही असं म्हणत नसत. “बसा, दाखवतो,” म्हणून समोरच्या दुकानातून मागवत. मी एकदा तिथे बसलेली असताना धरणगावकडच्या एक आजीबाई आल्या आणि पोपटी रंगाचं, बारीक बुट्टीचं ब्लाउजपीस मागू लागल्या. ते दुकानात नव्हतं, हे मलासुद्धा दिसत होतं. शेठजी म्हणाले, “शे ना, अक्का! बठ्ठं शे. सगळं आहे, बसा तर खरं, पाणी घ्या.” मग त्यांनी हिरवा दाखवला, मोरपंखी दाखवला, शेवाळी दाखवला, आणि अर्ध्या तासाने आजीबाई चिंतामणी रंगाचे दोन पीस घेऊन, आपल्याला हेच हवं होतं अशा समाधानात निघून गेल्या. दुकानाच्या ओट्यावर शिलाईचं मशीन घेऊन बसणारे रफिकचाचा मला हळूच म्हणाले, “बेटी, इनके यहाँ आदमी कफन लेने आए तो शेरवानी लेके जाता है.”

अशा माणसाने साठीला जर्मन का शिकावं, हा प्रश्न क्लासमध्ये सगळ्यांनाच पडला होता. आम्ही बाकीचे सगळे नर्सेस, नाहीतर इंजिनिअर झालेली मुलं. आमचं सगळ्यांचं कारण एकच, जर्मनीत नोकरी. शेठजींचं कारण असं, की फार वर्षांपूर्वी अजिंठ्याला निघालेलं एक गोरं जोडपं उन्हाने हैराण होऊन त्यांच्या दुकानात शिरलं होतं. शेठजींनी सगळं दुकान उलगडून दाखवलं. शेवटी ती बाई हसून एक वाक्य बोलली आणि काहीही न घेता निघून गेली. रिकाम्या हाताने गेलेलं ते दुकानातलं एकमेव गिऱ्हाईक. ती काय म्हणाली हे कळावं म्हणून शेठजींनी क्लास लावला. पहिल्याच दिवशी त्यांनी ते वाक्य, म्हणजे त्या वाक्याचा आवाज, मॅडमना करून दाखवला. मॅडमनी तो तीन वेळा ऐकला आणि हे जर्मन नसून बहुधा डच असावं, असं फार जड मनाने सांगितलं. “चालेल,” शेठजी म्हणाले, “आता आलोच आहे तर जर्मनच द्या.”

आणि ते शिकले. आमच्यापेक्षा चांगले शिकले. जर्मन नामांची तीन लिंगं आम्ही रडतखडत पाठ करत होतो, तेव्हा त्यांनी सगळे शब्द मनातल्या मनात दुकानाच्या फळ्यांवर लावून टाकले होते: पुल्लिंगी शब्द पँटपीसच्या फळीवर, स्त्रीलिंगी साड्यांच्या, आणि नपुंसकलिंगी खाली चादरी-टॉवेलांत. कुठलाही शब्द विचारला की त्यांची नजर क्लासच्या कोऱ्या भिंतीवर त्या त्या उंचीला जायची आणि शब्द खाली उतरायचा.

माझं सांगायचं तर, मी धुळ्याची. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी, आणि हॉस्पिटलमधले निम्मे पेशंट अहिराणी बोलणारे. मला तिन्ही भाषांत उत्तम गप्प बसता येत होतं. चौथ्या भाषेत गप्प बसण्यासाठी मी फी भरून, शनिवार-रविवार पारोळा-एरंडोल करत एसटीने जळगावला येत होते. लिहिण्या-वाचण्याचे, ऐकण्याचे पेपर मी पहिल्याच फेरीत पास झाले होते. बोलण्याच्या परीक्षेत नापास. त्यातला पहिला भाग असा असतो की दोन उमेदवारांनी परीक्षकांसमोर बसून मिळून काहीतरी ठरवायचं, सहल किंवा वाढदिवस. एकाने सुचवायचं, दुसऱ्याने हरकत घ्यायची, कारण द्यायचं, मग दोघांनी मधला मार्ग काढायचा. माझा तेव्हाचा जोडीदार फार बोलका होता. तो सुचवत गेला आणि मी ‘गेनाऊ’ म्हणत गेले. गेनाऊ म्हणजे ‘अगदी बरोबर’. मी अकरा वेळा अगदी बरोबर म्हणाले आणि नापास झाले.

आता दुसरी संधी होती, आणि माझ्यापुरती शेवटची. जर्मनीतल्या एका हॉस्पिटलने माझी जागा धरून ठेवली होती, पण ती या परीक्षेच्या निकालापर्यंतच. त्यानंतर यादीतली पुढची मुलगी. हे आठवलं की माझ्या हाताचे तळवे गार पडायचे, एसटीत, ड्यूटीवर, जेवताना, कधीही. शेठजींना परीक्षेची काहीच गरज नव्हती. पण एका शनिवारी मी क्लासच्या जिन्यात तोंड धुऊन डोळे पुसत असताना त्यांनी मला पाहिलं, काही विचारलं नाही, आणि पुढच्या आठवड्यात कळलं की त्यांनीही फॉर्म भरलाय. “ओळखीचं माणूस समोर असलं की बरं असतं, सिस्टर,” एवढंच म्हणाले. आमच्या क्लासचे फॉर्म एकत्र गेले आणि यादीत आमची जोडी खरोखरच लागली.

आमचा पहिला सराव चाळीस सेकंदांत संपला. विषय होता, ऑफिसमधल्या एकाचा निरोप समारंभ. शेठजी म्हणाले, हॉटेलात जाऊ. मी म्हटलं, गेनाऊ. मी म्हटलं, शुक्रवारी जाऊ. शेठजी म्हणाले, गेनाऊ. भेट काय द्यायची, पुस्तक. गेनाऊ. मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत, हसत, हात मांडीवर ठेवून बसलो. मॅडमनी डोक्याला हात लावला.

“अहो, भांडा! तीन मिनिटं तरी भांडा!”

“कशावरून?” मी विचारलं.

“कशावरूनही! सिस्टर, ते म्हणाले हॉटेल, तर तू म्हण हॉटेल महाग आहे.”

“पण ते मोठे आहेत.”

“आणि तुम्ही, शेठजी? तुम्ही तर मोठे आहात ना?”

“मॅडम,” शेठजी म्हणाले, “समोरचं माणूस काही मागत असताना नाही म्हणायचं... जीभच वळत नाही हो.”

पुढचे तीन सराव असेच गेले. परीक्षा महिन्यावर आली. मला झोप येईना. मग शेठजींनी तोड काढली. त्यांचं म्हणणं असं, की दुकानात नकार द्यायचा हक्क गिऱ्हाइकाला असतो. तेव्हा मी गिऱ्हाईक व्हायचं. रविवारी दुपारी दुकान बंद असायचं. अर्धं शटर वर करून ते गादीवर बसायचे, मी समोर, आणि ते जर्मनमधून साड्या दाखवायचे. मी प्रत्येक साडी कारण देऊन नाकारायची, असा नियम. रफिकचाचांना जर्मन येत नव्हतं, पण ते परीक्षक म्हणून ओट्यावरून आत बघत बसायचे.

पहिल्या रविवारी शेठजींनी पहिली साडी उलगडली आणि मी म्हटलं, छान आहे.

शेठजींनी साडी मांडीवर ठेवली. “सिस्टर, तुमच्यासारखी दहा गिऱ्हाइकं मिळाली असती तर माझी चार दुकानं झाली असती. पण तुम्ही नापास होणार.”

दुसरी. छान आहे. तिसरी. हीही बरी आहे. त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम माळ्यावरून न खपलेला माल काढला. वांगी रंगावर केशरी चौकडी, चॉकलेटीवर गुलाबी कोयऱ्या. मी प्रत्येकीत काहीतरी बरं शोधून काढत होते. माणूस एवढं उलगडून दाखवतोय, त्याला नको कसं म्हणायचं? शेवटी मोहरी रंगाची, जांभळ्या काठांची, मध्ये चंदेरी मोर असलेली एक साडी निघाली. रफिकचाचा ओट्यावरून कळवळून ओरडले, “बेटी, इसको तो मना कर दे! खुदा के वास्ते!”

आणि मी म्हटलं, “नाइन.” जर्मनमधलं माझं पहिलं ‘नाही’.

शेठजींचा चेहरा पडला. खरंच पडला. आपणच घातलेला नियम, आपणच शोधून काढलेली भयंकर साडी, पण चाळीस वर्षांची सवय. हात आपोआप पुढची साडी घ्यायला वळला. मला इतकं वाईट वाटलं की मी घाईने म्हणाले, “नाही म्हणजे, काठ चांगले आहेत.” रफिकचाचांनी मशीनवर डोकं टेकवलं.

असे चार रविवार गेले. चौथ्या रविवारपर्यंत मी सात साड्यांना सलग नाही म्हणू लागले होते, एक-दोनदा रंग उतरेल असंही म्हणाले होते. शेठजी मात्र होते तिथेच. भूमिका बदलून बघितल्या तर ते माझी प्रत्येक साडी विकत घेत.

परीक्षा पुण्यात होती. तयारीच्या खोलीत आम्हाला कागद मिळाले. तुमची शेजारीण आजारपणानंतर हॉस्पिटलमधून घरी येणार आहे, तिच्यासाठी काय करायचं ते दोघांनी ठरवा. मी तीन हरकती लिहून काढल्या. पंधरा मिनिटांनी आत गेलो. दोन परीक्षक होत्या, त्यातल्या एक जर्मन बाई, हातात पेन. शेठजींनी सुचवलं, शनिवारी संध्याकाळी तिच्या घरी जाऊ. इथे माझी पहिली हरकत होती. कागद माझ्यासमोर होता. मला अक्षरं दिसत होती. माझ्या तोंडातून बाहेर पडलं, “गेनाऊ.”

शेठजींनी थांबून मला वेळ दिला. मग म्हणाले, सगळ्या शेजाऱ्यांना बोलवू. “गेनाऊ,” मी म्हणाले. जर्मन बाईंनी काहीतरी लिहिलं. मला मागची खोली आठवली, मागचा जोडीदार, आणि यादीतली ती पुढची मुलगी जिचा चेहराही मला माहीत नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून मी पुटपुटले, आपण फुलं नेऊ या.

शेठजींनी डोळे मिटले.

“नाइन,” ते म्हणाले.

मला वाटलं, मी चुकून ऐकलं. त्यांनी डोळे उघडून, माझ्याकडे न बघता, टेबलाकडे बघत सांगितलं की फुलांनी शेजारणीला शिंका येतात. मी म्हटलं, बरं, मग सूप नेऊ. “नाइन.” तिला सूप आवडत नाही. मग फळं? “नाइन.” फळं नकोत, आपण मिठाई नेऊ. दोन किलो.

दोन किलो! आठ दिवस हॉस्पिटलात पडून आलेल्या बाईला! मला काय झालं कुणास ठाऊक, मी खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले की मी नर्स आहे, मला माहीत आहे तिला काय लागेल ते. मिठाई मुळीच नाही, तिला शुगर असेल तर? आणि शनिवार नको, घरी आल्याचा पहिला दिवस थकव्याचा असतो. रविवारी जाऊ. सगळे शेजारी नकोत, दोघंच जाऊ, अर्धा तास बसू आणि तिचं घर झाडून देऊ. क्रियापदं कुठेही पडत होती. शेठजी मिठाईला चिकटून होते. दोन किलोवरून एकावर आले, एकावरून अर्ध्यावर आले, आणि मी अर्ध्यालाही नाही म्हणत होते. जगात नसलेल्या त्या बाईसाठी आम्ही असे भांडलो की आम्हाला थांबवायला जर्मन बाईंना दोनदा ‘धन्यवाद’ म्हणावं लागलं.

बाहेर आल्यावर शेठजी जिन्याच्या पायरीवरच बसले. शर्ट पाठीला चिकटला होता.

“सिस्टर, माफ करा. तीनदा नाही म्हणालो तुम्हाला.”

“अहो शेठजी, म्हणून तर मी बोलले!”

“ते बरोबर आहे. पण तोंडातून गेलं ना.” त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, आणि स्वतःचा घसा कोरडा असताना ती आधी माझ्यापुढे धरली. “मनाला लागलं नाही ना?”

मी पास झाले, काठावर. शेठजी माझ्यापेक्षा बऱ्याच गुणांनी पास झाले. त्यांनी प्रमाणपत्र चौकोनी घडी घालून साड्यांच्या कपाटात ठेवलं.

पुढच्या महिन्यात मी निघते आहे. मॅडम सांगतात, तिकडे लोक सरळ तोंडावर नाही म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. तूही वाटून घेऊ नकोस. नाही घेणार. मलाही आता ते जमेल, असं वाटतं. फक्त कधीतरी ड्यूटी संपवून जिना उतरताना, दिवसभरात ऐकलेले सगळे नकार बरोबर घेऊन मी खाली येईन, आणि ‘लागलं नाही ना?’ असं विचारायला पायरीवर कुणीही बसलेलं नसेल.