माझे अक्षर आणि काचपेटीतली यादी

काय सांगू तुम्हाला, सुवाच्य अक्षराचा अभिमान माणसाला किती उघडे पाडतो, हे मला सत्तरी उलटल्यावर कळले.

भोरला आणीबाणीच्या दिवसांवरचे एक लहानसे संग्रहालय उघडले आहे. मी जुनी मॅट्रिक, निवृत्त शिक्षिका. मांडणी नीट आहे की नाही, हे मी नाही तर कोण पाहणार? सोबतीला हिरा होती. ती हिर्डोशीची, माझ्या पहिल्या शाळेच्या गावची. हल्ली माझ्याकडे स्वयंपाकाला येते. तिला वाचता येत नाही, हा माझा जुना पराभव.

आत शिरताच मी एक तिरकी तसबीर सरळ करवून घेतली. एका काचेवरची धूळ पुसवली. पुढच्या काचपेटीत नावांची यादी दिसली आणि मी थबकले. काय ती वळणदार अक्षरे, काय ती पट्टीने आखल्यासारखी शिरोरेघ! खाली चिठ्ठी होती : ‘लिहिणारा अज्ञात.’

अज्ञात? माझ्यादेखत?

“हे अक्षर माझे आहे,” माहिती सांगणाऱ्या मुलीला मी बजावले. “चिठ्ठी दुरुस्त करा.”

मुलगी हरखली. तिने चार माणसे गोळा केली, माझा फोटो काढला, नोंदवहीत सही घेतली. सहीपुढे ‘मॅट्रिक’ लिहायला मी विसरले नाही. मग तिने हळूच विचारले, “ही नावं लिहिताना तुम्हाला काय वाटलं, आजी?”

तेव्हा कुठे मी मथळा वाचला. यादी नसबंदीची होती. तेव्हा तालुक्याच्या साहेबांना स्वच्छ प्रत हवी होती आणि गावात अक्षर माझेच चांगले होते. नाव यादीत आले, की माणूस जीपमध्ये. चौथे नाव हिराच्या वडिलांचे होते. त्यांना ही एकच मुलगी. आजही भाऊबीजेला हिरा माझ्या अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळते.

हिरा काचेवर वाकली होती. “बाई, आमच्या आबांचं नाव हाय का वो त्यात?”

“चष्मा घरी राहिला गं.”

तिने माझ्या नाकाकडे पाहिले. चष्मा तिथेच होता.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “चला, ऊन वाढतंय.” आणि पायऱ्या उतरताना नेहमीसारखा माझा हात धरला.

आधी प्रश्न वाचा, मग हात वर करा, असे मी मुलांना जन्मभर बजावले. त्या दिवशी सगळ्या दालनात हात वर करणारी मी एकटीच होते.