नवरीच्या घोडीची झूल

बाहेर पंचेचाळीस अंश उकाडा असताना मी शाल गुंडाळून निघाले की नवरा विचारायचा, "सिमल्याला चाललीस का?" मी जायचे समोरच्या फ्लॅटमध्ये, सरदानाकडे. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये बारा महिने सोळावर एसी लावणारी बहुधा ती एकटीच असेल. सायबेरियातल्या याकुतियाची ही ठेंगणी बाई नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आली आणि कायम भरतकामावर ओणवलेली असायची. "थंडीत सुई सरळ चालते," असं तिचं म्हणणं. घामाच्या हाताने चंदेरी जर काळी पडते म्हणे. माझे दात वाजायचे, पण लाल-काळ्या कापडावर तिची वेल वळत जाताना बघायला मला फार आवडायचं.

एकदा मोठ्या हौसेने मी माझा कशिद्याचा रुमाल तिला दाखवला. तिने तो उलटा करून मागची बाजू पाहिली, घडी घातली आणि म्हणाली, "तुम पोहा बहुत अच्छा बनाती है." विषय खलास!

तेव्हा ती मुलीच्या लग्नासाठी झूल भरत होती. त्यांच्याकडे नवरी घोड्यावरून सासरी जायची आणि घोड्यावर आईच्या हातची झूल असायची. ही कला आजीकडून आईकडे, आईकडून सरदानाकडे आलेली. तिची मुलगी तुयारा मात्र दुबईत वाढलेली, बँकेत नोकरी करणारी. सुईला हात लावील तर शपथ! "मम्मा, वुई हॅव अ कार," म्हणायची.

"गाडीला पाठ असते का?" सरदाना मान वर न करता विचारायची. पण तुयारा ऑफिसला गेली की हळूच म्हणायची, "माझ्यानंतर हे टाके संपले." मला फार वाईट वाटायचं.

लग्न ठरलं एका लेबनीज मुलाशी. घोड्याचं मी अंगावर घेतलं, कारण आपल्या लोकांच्या वरातींना घोड्या पुरवणारा एक राजस्थानी माझ्या माहितीतला होता. लग्नादिवशी हॉटेलच्या मागच्या पार्किंगमध्ये घोडी आली. छान, उंच, सडपातळ. सरदानाने झूल घातली, तर ती घसरून एका बाजूला लोंबायला लागली! बाईने माप धरलं होतं गावाकडच्या गोलमटोल, केसाळ घोड्यांचं.

"हिला उपाशी ठेवता?" ती कडाडली.

"मॅडम, अरबी घोडी है! फिट है!" घोडीवाला बिचारा दुखावलाच.

आता झूल घोडीवर असतानाच दोन्ही बाजूंनी एकदम चुण्या घालायला हव्या होत्या, नाहीतर सगळी वेल एकीकडे ओढली गेली असती. मी लगबगीने पुढे झाले. "तू नको," सरदाना म्हणाली, "तू घोडी धर."

तेवढ्यात नटलेली तुयारा धावत आली. "मम्मा, एव्हरीबडी इज वेटिंग!" म्हणता म्हणता ती थबकली. आई सुई घेऊन घोडीच्या या बाजूकडून त्या बाजूला धावत होती, डोळे भरले होते. तुयाराने बाह्या वर सारल्या. "गिव्ह मी द नीडल."

टाके कसले, तंगड्या वर केलेली झुरळंच! सरदाना घोडीच्या पाठीवरून डोकावून आपल्या भाषेत रागवत होती, शिकवत होती, हसत होती. मुलगीही त्याच भाषेत उलट उत्तरं देत होती. मला एक अक्षर कळलं नाही, तरी माझंच नाक चोंदलं.

नवरदेवाकडचे काका टाळ्या वाजवत आले. "यल्ला, यल्ला! चला लवकर, पाहुणे खोळंबलेत!"

सरदानाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"खोळंबू देत," ती म्हणाली. "माझी मुलगी शिवतेय."