गेटला टांगलेली पिशवी

आमच्या वरच्या मजल्यावर कॉलेजच्या तीन पोरी भाड्याने राहतात. दोघी सुदानच्या, एक नेपाळची. फार्मसी शिकतात. परदेशी पोरींना भिवंडीत खोली द्यायला कुणी धजत नव्हतं, मी दिली. आल्या त्याच दिवशी बजावलं, ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्यात, आणि घंटागाडी आली की दोन्ही घेऊन खाली पळायचं. पोरी गुणाच्या. दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन, वाळवून निळ्या डब्यात टाकायच्या. मी गल्लीभर त्यांचं कौतुक सांगत सुटले होते.

आणि एके सकाळी आमच्या गेटला प्लॅस्टिकची पिशवी लटकलेली. दुसऱ्या दिवशी परत. समोरच्या वहिनी नाक मुरडून म्हणाल्या, "काय हो, तुमच्या पोरींनी गेटचीच कचराकुंडी केली वाटतं?" नेमकं ते आमच्या ह्यांच्या कानावर गेलं. "घरात लक्ष्मी यायची वाट ती, तिथं कचरा?" ह्यांचा पारा चढला. "रविवारी खोली खाली करायला सांग. मला ही भानगड न्हाय पायजे." परीक्षा तोंडावर आलेली, पोरी जाणार कुठे? तरी राग आला तो पोरींचाच. एवढं शिकवलं, आणि सगळ्यावर पाणी फिरवलं!

पिशवी काढली आणि तशीच जिना चढले. "अगं बायांनो, दोन-दोन डबे दिलेत ना? मग हे काय नवीन खूळ?" सुदानची मोठी पोर घाबरली. तिने पिशवी माझ्या हातातून घेतली आणि उघडून दाखवली. आत नुसते पावाचे तुकडे आणि कडक झालेल्या चपात्या. "रोटी, आंटी. कचरा नहीं," एवढंच तिला जमलं. बाकीचं नेपाळच्या पोरीने सांगितलं. "इनके यहाँ रोटी कचरे में नहीं डालते, पाप लगता है. बाहर टाँग देते हैं, जिसके घर जानवर है वो ले जाता है."

अगं बाई! मी मटकन पायरीवरच बसले आणि हसत सुटले. तिघींना खाली स्वयंपाकघरात नेलं. खिडकीतल्या खिळ्याला आमची पिशवी होती, रात्री उरलेल्या भाकऱ्यांची. रोज सकाळी हे ती आमच्या तबेल्यात म्हशींना नेतात. भाकरी कचऱ्यात टाकलेली ह्या घरात कुणाला खपत नाही, आणि सगळ्यात जास्त ह्यांनाच. मोठीने त्या पिशवीला हात लावला आणि तिचे डोळे भरून आले. मग मलाही राहवेना.

रविवारी हे तबेल्यात निघाले, तेव्हा स्कूटरच्या हँडलला मी दोन पिशव्या अडकवल्या.

"दुसरी कुणाची?"

"वरच्या पोरींची. उघडून बघा."

ह्यांनी पाव हातात घेतला, परत ठेवला. मग म्हणाले, "गेटला नको म्हणावं, कुत्री ओढतात. जिन्यात खिळा ठोकून देतो."

आता सकाळी तो खिळा रिकामा दिसला की हे स्कूटर बंद करून वर ओरडतात, "पोरींनो, आणा गं लवकर! म्हशी वाट बघतात!"