हॅकिंगच्या स्पर्धेत मी कशी फुटले

हसणार नसाल तर सांगते. जाऊ द्या, तुम्ही हसणारच! माझी सख्खी लेक आधी माझ्याशी बोलत नव्हती, मग हसत सुटली, ती अजून थांबायचं नाव घेत नाही.

तर आमची सई कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला. शेंद्र्याच्या रस्त्याला एका कॉलेजात कॉम्प्युटर सुरक्षेची मोठी परिषद भरली होती आणि तिथं हॅकिंगची स्पर्धा. हॅकिंगची! मी म्हटलं, "अगं, त्याला पोलीस पकडतात ना?"

"आई, परवानगीनं असतं गं. प्रत्येक टीमला एक कॉम्प्युटर देतात. आपला सांभाळायचा, दुसऱ्यांचे फोडायचे."

"म्हणजे कबड्डीच की!"

"व्हय, कबड्डी. तू फक्त डबा घेऊन ये. आणि तिथं कुणाला काही सांगू नको. माणसाला बोलतं करून माहिती काढलेली पण तिथं चालते."

घ्या! मला सांगते! अहो, मी विम्याची एजंट. औरंगपुऱ्यातल्या कुठल्याही दुकानात मला उभी करा. चहा यायच्या आत मालकाची जन्मतारीख, बायकोचं माहेर आणि साडूचा धंदा माझ्या पर्समध्ये! मला कोण बोलतं करणार?

धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी बांधून गेले. सभागृहात पाय ठेवला आणि गारच पडले. टेबलाटेबलावर पोरंपोरी लॅपटॉपवर वाकलेली. कुणी ओरडत नाही, कुणी हलत नाही, बोटं तेवढी पळतात. समोर भिंतीएवढा पडदा. एका टीमनं दुसरीचा कॉम्प्युटर फोडला, की त्यावर लाल रेघ सळकन जायची आणि फोडणाऱ्यांचा निरोप झळकायचा.

आणि सगळ्यात वर कोण? आमची सई आणि तिच्या टीममधल्या फिरदौस, प्रणाली! खरं सांगते, कळत काडीचं नव्हतं, पण अंगावर काटा आला. हीच का ती पोरगी, जी गॅसवर दूध ठेवून विसरते? इथं तर चहूबाजूंनी हल्ले होताहेत आणि ही बया शांतपणे एकेक परतवते आहे. फिरदौस नुसती भुवई उडवायची, की सईला काय ते कळायचं. तीन डोकी, पण मेंदू एकच म्हणा ना!

मी मागं पालकांच्या खुर्च्यांत बसले. तेवढ्यात एक जण आला. लांब केसांची शेंडी बांधलेली, कानात बाळी, काळ्या टी-शर्टवर कवटी. मी मनात म्हटलं, आला! हाच तो!

"आंटी, यहाँ बैठ सकता हूँ?"

"कायकू बैठना?" मी पर्स पोटाशी धरली. "उधर जागा दिखती नै क्या?"

"थोडा पानी मिलेगा?"

"नै मिलेगा!" बाटली साडीखाली लपवली हो मी! वर वॉचमनला बोलावून सांगितलं, "याच्यावर जरा लक्ष ठेवा." वॉचमन काहीतरी सांगायला लागला, पण मी त्याचं कशाला ऐकते? तो शेंडीवाला हसत निघून गेला. मी खूश. बघ सई, तुझी आई म्हणजे किल्ला आहे किल्ला!

मग एक पोरगी आली. साधा पंजाबी ड्रेस, ओढणी नीट घेतलेली. आली ती वाकून पायाच पडली. "काकू, बसू का? पाय लई दुखायलेत."

"बस गं माय!"

"धपाट्यांचा वास आला. आमची आजी करायची."

आता तुम्हीच सांगा, आजीचं नाव काढल्यावर कोण डबा उघडणार नाही? पोरगी खायला लागली. काय ते खाणं! मन तृप्त झालं.

"काकू, ती पुढची हुशार मुलगी तुमची? दिसतेच तुमच्यासारखी."

झालं! धरणाचे दरवाजे उघडले म्हणा!

"अगं, लहानपणी अशी गोल होती! घरात अजून बुंदीच म्हणतो आम्ही."

"अय्या, किती गोड! आणि शाळेत पण हुशार?"

"बालवाडीपासून! किलबिल बालवाडीच्या बाई म्हणायच्या..." बाई काय म्हणायच्या, ते सगळं सांगितलं.

"तिला पण धपाटेच आवडतात का हो?"

"छे! ती गुळपोळीवाली!"

पोरीनं हात धुतले, पुन्हा पाया पडली आणि गेली. मी डोळे पुसले. म्हटलं, काय संस्कार आहेत!

थोड्या वेळानं सळकन लाल रेघ आली. सईच्या टीमवर! आणि पडद्यावर हे एवढाल्या अक्षरांत उमटलं: "बुंदी, धपाटे मस्त होते!"

सगळं सभागृह हसलं. सई मात्र हळूहळू मागं वळली. तसल्या नजरेनं तर ती तिच्या बाबांकडंही कधी बघत नाही.

झालं होतं असं. पासवर्ड विसरला तर विचारायचे तीन प्रश्न असतात ना? घरातलं नाव, पहिली शाळा, आवडता पदार्थ. बाईसाहेबांनी उत्तरं खरीखरी भरलेली आणि आईसाहेबांनी ती डब्यासकट वाढलेली! ती संस्कारी पोरगी म्हणजे समोरच्या टीमची कॅप्टन.

आमच्या पोरी एकदम चौथ्या नंबरवर. पहिल्या दोन टीमनाच पुढच्या फेरीत प्रवेश. मला तर रडूच फुटलं. पण या तिघी? रडारड नाही, आदळआपट नाही. ती पोरगी ज्या वाटेनं आत शिरली, तिचा माग काढत या उलट तिच्याच घरात घुसल्या! घंटा व्हायच्या जरा आधी लाल रेघ उलटी गेली आणि आमच्या पोरी दुसऱ्या. मी खुर्चीवर उभी राहून शिट्टी मारली. व्हय, मारली!

बक्षीस द्यायला मुख्य परीक्षक स्टेजवर आले. लांब केसांची शेंडी, कानात बाळी...

मी डबा आवरायच्या निमित्तानं खुर्चीखाली वाकले. माइकवरून आवाज आला, "आज का सबसे सुंदर हमला कंप्यूटर पर हुआ ही नहीं. आंटीजी, प्लीज खड़ी हो जाइए!"

उभी राहिले. काय टाळ्या पडल्या म्हणता! पहिल्या नंबरालाही तेवढ्या पडल्या नाहीत.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, पोट धरून हसले आणि मग विचारलं, "पण पोरगी लई हुशार म्हणायची. कोण गं ती? नाव काय? कुठल्या गावची?"

मी पर्स धुंडाळावी तसं डोकं धुंडाळलं. अहो, आमच्या घरातलं सगळं तिला ठाऊक. आणि मला तिच्याबद्दल काय माहीत? तर पोरगी एका बैठकीला चार धपाटे खाते!